प्राण देणे आणि प्राण मागणे



शेवटच्या भोजनाच्या रात्री प्रभू येशूने शिष्यांना जी आज्ञा दिली, ती आपल्यापैकी बहुतेकांना पाठ आहे. त्याने आपल्यावर जशी प्रीती केली तशी आपण एकमेकांवर करावी, आणि मित्रांसाठी स्वतःचा प्राण देणाऱ्याच्या प्रीतीहून मोठी प्रीती कोणाचीच नाही, असे तो म्हणाला (योहान १५:१२-१३). पवित्र गुरुवारी आपण हे ऐकतो, क्रूसाच्या वाटेवर चालताना ऐकतो, मृताच्या मिस्सेतही कधी कधी ऐकतो.

घरभेटीला गेलो की या वचनाशी संबंधित दोन वाक्ये आमच्या कानावर हमखास पडतात. पहिले असे: "फादर, आम्ही साधी माणसं. प्राण देणं हे संतांचं काम." दुसरे बहुधा घरातल्या कर्त्या पुरुषाच्या तोंडून येते: "आमच्या हिनं या घरासाठी फार त्याग केला बरं का." तो हे कौतुकाने म्हणतो, आणि ती बाई तेव्हा स्वयंपाकघरात चहा करत असते. पहिल्या वाक्यात आज्ञा आपल्यासाठी नाहीच असे गृहीत धरलेले आहे. दुसऱ्यात ती आज्ञा आहे, पण दुसऱ्याने पाळायची. या रविवारच्या अभ्यासात आपण या दोन्ही वाक्यांकडे जरा नीट पाहू.

आधी शब्दाचा विचार. आपल्या भाषेत ‘त्याग’ हा फार मानाचा शब्द आहे. घर सोडणाऱ्याचा, संसार सोडणाऱ्याचा, अन्न सोडणाऱ्याचा आपण आदर करतो. आपले कारंजा तर गुरू नृसिंह सरस्वती यांचे जन्मस्थान म्हणून महाराष्ट्रभर ओळखले जाते, जैन बांधवांच्या जुन्या मंदिरांसाठी आणि ग्रंथभांडारांसाठीही त्याची ख्याती आहे. संन्यास, उपवास, अपरिग्रह यांची मोठी परंपरा या गावाच्या हवेत आहे आणि तिच्याविषयी आम्हाला मनापासून आदर वाटतो. परंतु शुभवर्तमानातील आज्ञा ‘सोडा’ अशी नाही, ‘प्रीती करा’ अशी आहे. सोडावे लागते ते प्रीती करता करता सोडावे लागते. संत पौल करिंथकरांना लिहिताना (१ करिंथ १३:३) इतक्या थराला जातो की, माणसाने सगळी मालमत्ता वाटून टाकली, अगदी आपले शरीरही अर्पण केले, पण त्यात प्रीती नसेल तर त्याचा काहीही उपयोग नाही असे तो म्हणतो. म्हणजे किती गमावले यावर प्रीती मोजता येत नाही. गमावणारा अहंकारानेही गमावू शकतो, भीतीनेही, आणि नाइलाजानेही.

सेमिनरीत तत्त्वज्ञान शिकताना संत थॉमस अक्वायनसची एक व्याख्या आम्हाला भेटली आणि ती अजून कामाला येते. प्रीती करणे म्हणजे दुसऱ्याचे भले इच्छिणे, असे तो अॅरिस्टॉटलच्या आधाराने सांगतो. ऐकायला फार सोपे वाटते. पण या व्याख्येत केंद्रस्थानी दुसरा माणूस आहे, माझे दुःख नाही. त्याचे भले साधताना मला त्रास झाला तर तो मी सोसीन, पण त्रास हे उद्दिष्ट नव्हे. ज्या त्रासाने कोणाचेच भले होत नाही, त्याला केवळ त्रास आहे म्हणून ख्रिस्ती बलिदान म्हणता येणार नाही.

आता एका माणसाकडे वळू. आपल्या शेजारच्या गोव्यातला हा धर्मगुरू. जोसेफ वाझ यांचा जन्म २१ एप्रिल १६५१ रोजी सासष्टीतील बाणावली गावी झाला. वडिलांचे गाव सांकवाळ. कोकणी ही घरची भाषा. १६७६ मध्ये ते धर्मगुरू झाले. त्या काळात समुद्रापलीकडच्या श्रीलंकेत पोर्तुगीजांची सत्ता संपून डचांची आली होती आणि डचांनी कॅथोलिक धर्मगुरूंना बंदी केली होती. वर्षानुवर्षे तिथल्या श्रद्धावंतांना मिस्सा नाही, पापनिवेदन नाही, मरणाऱ्याला तैलाभ्यंग नाही. १६८७ मध्ये वाझ मजुराच्या वेशात त्या बेटावर उतरले. सोबत जुआंव नावाचा एक सेवक होता. पोहोचले तेव्हा दोघेही आजारी आणि अंगात त्राण नाही अशा अवस्थेत होते. लपतछपत, रात्री घराघरात मिस्सा करत त्यांनी जाफना आणि पुत्तलम भागात काम केले. १६९२ मध्ये ते डोंगरातल्या कँडी राज्यात शिरले, तर पोर्तुगीजांचा हेर म्हणून त्यांना पकडून कैदेत टाकण्यात आले. कैदेतला वेळ त्यांनी सिंहली भाषा शिकण्यात घालवला. राजा विमलधर्मसूर्य दुसरा हा बौद्ध होता. त्याने या माणसाला हळूहळू पारखले आणि बंधने सैल केली.

१६९७ मध्ये कँडीत देवीची साथ आली. आपल्याकडच्या वृद्धांना हा शब्द समजावून सांगावा लागत नाही, तरुणांसाठी सांगतो: अंगभर फोड येणारा हा रोग. जगल्यास तोंडावर वण राहत, कित्येकांचे डोळे जात. लस यायला अजून शंभर वर्षे होती. जेन्नरने ती १७९६ मध्ये शोधली आणि १९८० मध्ये जगातून हा रोग हद्दपार झाल्याची घोषणा झाली. त्या दिवसांत मात्र उपाय एकच: पळून जाणे. राजा नगर सोडून गेला, ज्यांना जमले ते श्रीमंतही गेले. घरात कोणाला फोड दिसले की त्याला बाहेर रानात नेऊन सोडत, घरचेच. त्यांनाही आपण फार दोष देऊ नये. २०२१ मध्ये आपल्या अमरावती विभागात करोनाची दुसरी लाट राज्यात सर्वांच्या आधी, फेब्रुवारीतच, दिसू लागली होती. मृत्यूची भीती माणसाला आपल्या माणसापासून किती लांब नेते हे तेव्हा आपल्यापैकी अनेकांनी अनुभवले आहे.

वाझ आणि त्यांचे भाचे फादर जोसेफ कार्व्हालो नगरातच राहिले. रानात टाकलेल्यांसाठी त्यांनी झोपड्या उभ्या केल्या. ओसाड घरांमध्ये रोग्यांना आणून ठेवले. जखमा धुणे, पेज भरवणे, मलमूत्र काढणे, आणि मेलेल्याला मूठमाती देणे, हे काम ते रोज करत होते. आपला, परका, ख्रिस्ती, बौद्ध अशी विचारपूस नव्हती. साथ ओसरली तेव्हा राजाने त्यांना आपल्या राज्यात मोकळेपणाने प्रचार करण्याची परवानगी दिली.

पण इथे एक गोष्ट लक्षात घ्यावी. जोसेफ वाझ त्या साथीत मेले नाहीत. त्यानंतर चौदा वर्षे ते त्या बेटावर पायी फिरत राहिले आणि १६ जानेवारी १७११ रोजी कँडीतच त्यांना मरण आले. मधल्या काळात त्यांना बिशपपदाच्या दर्जाचे पद देऊ केले होते, ते त्यांनी नाकारले. गोव्याला ते पुन्हा गेलेच नाहीत. मग त्यांनी प्राण दिला असे म्हणायचे की नाही? आमच्या मते, दिला. तो एका दिवसात गेला नाही एवढेच. रोज सकाळी उठून रोग्याच्या झोपडीत शिरणारा माणूस आपला प्राण रोज पुढे करत असतो, तो घेतला जातो की नाही हे त्याच्या हाती नसते. पोप जॉन पॉल दुसरे यांनी १९९५ मध्ये कोलंबोत त्यांना धन्यवादित घोषित केले आणि १४ जानेवारी २०१५ रोजी पोप फ्रान्सिस यांनी तिथेच, गॉल फेस मैदानावर, त्यांना संतपद बहाल केले.

बरोबर दोनशे वर्षांनी, १८९७ मध्ये, आपल्या पुण्यात अशीच गोष्ट घडली. ती शाळेच्या पुस्तकांमुळे आपल्याला ठाऊक आहे, पण शिक्षणाच्या गौरवात तिचा शेवट बऱ्याचदा राहून जातो. १८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि पुढे पुण्यात पसरला. सावित्रीबाई फुले तेव्हा सहासष्ट वर्षांच्या होत्या. जोतीराव जाऊन सहा वर्षे झाली होती. दत्तकपुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ सासाणे मळ्यात रोग्यांसाठी दवाखाना उघडला आणि सावित्रीबाई रोग्यांना तिथे आणू लागल्या. मुंढव्याच्या महारवाड्यातल्या पांडुरंग गायकवाड या मुलाला प्लेग झाल्याचे कळताच त्यांनी त्याला पाठीवर घेऊन दवाखान्यात आणले. त्यांना संसर्ग झाला आणि १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले.

सावित्रीबाई ख्रिस्ती नव्हत्या, आणि त्यांना ओढूनताणून ख्रिस्ती ठरवण्याचा आमचा मुळीच विचार नाही. तसे करणे त्यांचाही अपमान होईल आणि सत्याचाही. पण मत्तयाच्या पंचविसाव्या अध्यायात शेवटच्या न्यायाचे जे चित्र आहे, त्यात उजवीकडच्या लोकांना आश्चर्य वाटते. आपण कधी प्रभूची सेवा केली हे त्यांना आठवतही नाही, त्यांनी फक्त भुकेल्याला जेवू घातले होते, आजाऱ्याकडे गेले होते. ज्या मुलाला शिवायलाही गाव तयार नव्हते त्याला पाठीवर घेणे, ही त्या अध्यायातलीच गोष्ट आहे. ती वाचताना आपण कोणत्या बाजूला उभे आहोत याची चिंता आपण करावी, सावित्रीबाईंची करू नये.

साथीच्या रोगात सेवा करताना मेलेल्यांना रक्तसाक्षी म्हणावे काय, हा प्रश्न ख्रिस्तसभेत फार जुना आहे. तिसऱ्या शतकात अलेक्झांड्रियाचे बिशप दिओनिसियस यांनी तिथल्या साथीत रोग्यांची शुश्रूषा करता करता मेलेल्या ख्रिस्ती लोकांविषयी लिहिले, आणि असे मरण रक्तसाक्ष्याच्या मरणाहून कमी नाही असे मत दिले. तरी धर्मसभेच्या नियमांत दीर्घकाळ संतपदाचे मुख्य मार्ग दोनच होते: श्रद्धेच्या द्वेषातून झालेला वध, नाही तर आयुष्यभर असामान्य कोटीचे सद्गुण. ११ जुलै २०१७ रोजी पोप फ्रान्सिस यांनी एक आज्ञापत्र काढून आणखी एक मार्ग खुला केला, ‘जीवनाचे अर्पण’. त्या पत्राचे नावच योहानाच्या याच वचनातून घेतले आहे. त्यातल्या अटी वाचण्याजोग्या आहेत. समोर निश्चित आणि अकाली मरण दिसत असताना त्या व्यक्तीने प्रीतीपोटी ते स्वीकारलेले असावे. त्या अर्पणाचा आणि मृत्यूचा थेट संबंध असावा. बाकीच्या आयुष्यात ख्रिस्ती सद्गुण निदान साधारण प्रमाणात तरी असावेत. हा ‘साधारण’ शब्द आम्हाला फार दिलासा देतो. "आम्ही साधी माणसं" म्हणणाऱ्यांनी तो जरूर लक्षात घ्यावा. पण सर्वांत आधीची अट अशी की, हे अर्पण मोकळ्या मनाने, स्वेच्छेने केलेले असावे.

स्वेच्छेने. इथे आपण दुसऱ्या वाक्यापाशी येतो, त्या स्वयंपाकघरातल्या बाईपाशी.

प्रभू येशू योहानाच्या दहाव्या अध्यायात (१०:१८) अगदी ठामपणे सांगतो की त्याचा प्राण कोणी त्याच्याकडून हिरावून घेत नाही, तो स्वतःहून देतो. हे वाक्य नसते तर क्रूस म्हणजे फक्त एका निरपराध माणसाचा खून ठरला असता. पिलाताने, सैनिकांनी, जमावाने जे केले ते पापच होते. येशूने प्रीतीने सोसले म्हणून त्यांचे कृत्य पुण्य होत नाही. हा भेद फार महत्त्वाचा आहे, आणि आपल्या घरांत तो पुसला जातो. सोसणाऱ्याचे सोसणे पवित्र असेल, पण म्हणून सोसायला लावणाऱ्याला मोकळीक मिळत नाही.

घरातली बाई सर्वांत शेवटी जेवते, उरलेले खाते. तिला रक्त कमी आहे असे डॉक्टर सांगतात तेव्हा सगळ्यांना नवल वाटते. नवरा दारू पिऊन मारतो आणि माहेरचे, शेजारचे, प्रसंगी प्रार्थनेला येणारी माणसेसुद्धा तिला सांगतात, "तुझा क्रूस आहे, उचल." आम्ही स्पष्ट सांगतो की हे शुभवर्तमान नव्हे. मार खाण्याने त्या नवऱ्याचे काय भले झाले? त्याचे पाप वाढले. मुलांचे काय भले झाले? त्यांच्या मनात भीती बसली. आपल्या व्याख्येप्रमाणे ज्यात कोणाचेच भले नाही ती प्रीतीची कृती होत नाही. अशा बाईने सुरक्षित जागी जावे, कायद्याची मदत घ्यावी. तिने घराबाहेर टाकलेले पाऊल प्रीतीच्या आज्ञेविरुद्ध आहे असे कोणी धर्माचे नाव घेऊन सांगत असेल तर त्याला आमच्याकडे पाठवावे.

एक उदाहरण वैद्यकातले. आपल्या देशात मानवी अवयव प्रत्यारोपणाचा कायदा १९९४ पासून आहे. जिवंतपणी मूत्रपिंड किंवा यकृताचा भाग मुख्यतः जवळच्या नातलगाला देता येतो. हे देणे खरोखर प्राणाचा तुकडा देणे आहे, आणि आम्हाला त्याविषयी नितांत आदर आहे. परंतु भारतात असे दान करणाऱ्यांत बायकांची संख्या पुरुषांहून पुष्कळ अधिक आहे, आणि घेणाऱ्यांत पुरुषांची. आई देते, बायको देते, बहीण देते. त्यांच्यापैकी कितीतरी जणी मनापासून देतात, यात शंका नाही. पण तराजू नेहमी एकाच बाजूला झुकत असेल तर प्रीती सगळी एकाच बाजूला असते की मागणी एकाच बाजूला जाते, हे विचारलेच पाहिजे. त्या कायद्यातही दात्याची संमती स्वेच्छेची आहे याची खातरजमा करावी लागते. पोपमहोदयांच्या पत्रातली आणि देशाच्या कायद्यातली अट इथे एकच निघाली, याची गंमत वाटते.

मग बलिदान कोणी करायचे? फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय घ्या. देवाच्या बरोबरीचा असलेला ख्रिस्त स्वतःला रिक्त करतो, दासाचे रूप घेतो, मरणापर्यंत आज्ञाधारक होतो. धर्मशास्त्रात याला ‘केनोसिस’, म्हणजे रिते होणे, म्हणतात. दिशा बघा: वरून खाली. ज्याच्याजवळ आहे तो रिता होतो. ज्याचे भांडे आधीच रिकामे आहे त्याला ‘आणखी रिता हो’ असे पौल सांगत नाही. पाय धुण्याच्या प्रसंगातही तेच. पाय धुणे हे दासाचे काम. येशूने दासांना अधिक निष्ठेने पाय धुवा असा उपदेश केला नाही. गुरू आणि प्रभू असलेला तो स्वतः उठला, कमरेला रुमाल बांधला आणि खाली बसला. पेत्राला ते सहन होईना. आपल्यालाही होत नाही. घरातल्या मोठ्या माणसाने जेवणानंतर ताटे उचलली तर सून घाबरते, "बाबा, राहू द्या, लोक काय म्हणतील." पवित्र गुरुवारी आम्ही बारा जणांचे पाय धुतो तेव्हा सगळे भक्तिभावाने पाहतात. त्या रात्री घरी जाऊन कोण कोणाचे काय धुतो, तो खरा विधी.

आता राहिले पहिले वाक्य, प्राण देणे हे संतांचे काम. या वाक्याला प्रभूने दयाळू शोमरोन्याच्या गोष्टीत (लूक १०:२५-३७) उत्तर देऊन ठेवले आहे. शोमरोनी त्या गोष्टीत मरत नाही. त्याचे काय जाते ते लूकने हिशेबासारखे मांडले आहे: तेल, द्राक्षरस, स्वतःचे जनावर, कारण जखमी त्यावर बसल्यावर त्याला पायी चालावे लागले असणार, उतारशाळेतली एक रात्र, आणि दोन दिनार. मत्तयाच्या विसाव्या अध्यायात द्राक्षमळ्यातल्या मजुराला दिवसाचा एक दिनार मिळतो. म्हणजे दोन दिवसांची रोजी. आपल्याकडे सोयाबीनच्या सोंगणीला किंवा कापूस वेचायला जाणाऱ्या माणसाला दोन दिवसांची रोजी म्हणजे काय हे सांगायला नको. वर त्याने उधारीही मान्य केली: आणखी लागेल ते परत येताना देईन. आणि यात न लिहिलेला एक खर्च आहे, तो म्हणजे धोका. यरुशलेमहून यरिहोला उतरणारी ती वाट लुटारूंची होती. जिथे एकजण मार खाऊन पडला तिथे थांबणाऱ्यालाही मार बसू शकतो.

समृद्धी महामार्ग आपल्या तालुक्यातून जातो. त्यावर आणि आपल्या जुन्या रस्त्यांवरही अपघात होतात. लोक थांबत नाहीत त्याचे कारण दरवेळी कठोरपणा नसतो. पोलीस विचारतील, साक्षीला कोर्टात जावे लागेल, दवाखाना पैसे मागेल ही भीती असते. ही भीती आता बरीचशी निराधार आहे हे श्रद्धावंतांनी जाणून घ्यावे. ३० मार्च २०१६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने मदत करणाऱ्यांच्या संरक्षणाच्या नियमांना बंधनकारक केले, आणि २०१९ च्या दुरुस्तीने मोटार वाहन कायद्यात १३४-अ हे कलम आले. सद्भावनेने मदत करणाऱ्यावर जखमीच्या इजेबद्दल वा मृत्यूबद्दल दिवाणी किंवा फौजदारी जबाबदारी येत नाही, आणि नाव सांगण्याची त्याच्यावर सक्ती करता येत नाही. कायद्यात त्या माणसाला नाव काय दिले आहे? ‘गुड समॅरिटन’. दोन हजार वर्षांपूर्वी ज्याला यहुदी लोक परका समजून तोंड फिरवत होते, तो शोमरोनी आज भारताच्या कायद्याच्या पुस्तकात बसला आहे!

रस्त्यावरच्या जखमीला शोधावे लागत नाही, तो दिसतो. आपल्या भागात न दिसणारेही पुष्कळ पडलेले आहेत. सोयाबीनचे भाव पडले, पाऊस ऐन काढणीत आला, आणि कर्जाच्या ओझ्याने एखाद्या शेतकऱ्याने स्वतःला संपवले, की पहिले तेरा दिवस त्या घरात माणसांची गर्दी असते. फोटो निघतात. तीन महिन्यांनी त्या विधवेला तलाठी कार्यालयात कागदासाठी कोणी सोबत येईल का, मुलीला शाळेत कोण पोहोचवील, पेरणीला बियाणे कोणाच्या नावावर उधार मिळेल, हे प्रश्न असतात आणि माणसे नसतात. आपली ख्रिस्ती घरे या गावात थोडी आहेत. प्रत्येक घराने असे एकच घर वर्षभर धरले, मग ते कोणत्याही जातीधर्माचे असो, तर आपल्याला बियाण्याच्या हंगामात दोन दिवसांची रोजी आणि वर्षातून काही सकाळी खर्चाव्या लागतील. बँकेत हमीदार म्हणून सही करण्याआधी मात्र घरात बसून विचार करा, आपल्या मुलांचे अन्न दुसऱ्याच्या नावे लिहून देण्याचा अधिकार आपल्याला नाही. शोमरोन्यानेही उतारशाळेच्या मालकाला आपल्याजवळ होते त्यातलेच दिले.

घरी अभ्यासासाठी लूकच्या दहाव्या अध्यायातील ही गोष्ट सर्वांनी मिळून मोठ्याने वाचावी, आणि या वेळी घरातल्या सर्वांत धाकट्याने वाचावी. वाचून झाल्यावर एकच प्रश्न घ्या: आपल्या घरात दोन दिनार नेहमी कोण देते? उत्तर एकाच व्यक्तीचे नाव आले तर त्या व्यक्तीला आधी बोलू द्या, बाकीच्यांनी ऐकावे. येत्या आठवड्याच्या प्रार्थनासभेत फिलिप्पैकरांस पत्राचा दुसरा अध्याय, वचने १ ते ११, वाचून यावे. बायबल नसेल त्यांनी मिस्सेनंतर आमच्याकडून न्यावे, थोड्या प्रती शिल्लक आहेत.